बंदुकीची नळी म्हणजे नांगराचा फाळ नव्हे

(हिमायतनगर येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आज इथे बसलेल्या निम्म्या माणसांचे डोळे तांबारलेले आहेत. रात्री भजनाला जागल्यामुळे नाहीत, जागलीमुळे आहेत. रब्बीची ज्वारी पोटऱ्यात आली आहे, फरदडीची कपाशी अजून उभी आहे, आणि पैनगंगेच्या अंगाने, अभयारण्याच्या अंगाने रानडुकरांचे कळप रोज रात्री वावरात उतरत आहेत. माळ्यावर बसायचे, डबा वाजवायचा, बॅटरी फिरवायची, फटाका उडवायचा. चार दिवस डुकरे बिचकतात, पाचव्या दिवशी फटाक्याला बसलेल्या पाहुण्यासारखी तिथेच उभी राहतात. रोही कपाशीचे शेंडे खुडून नेतात, डुकरे ज्वारी आडवी करतात. पेरणीचा खर्च आपला, राखण आपली आणि पीक दुसऱ्याचे.

आजच्या बैठकीत भावाचा, विजेचा आणि कर्जाचा विषय आहेच. पण गेल्या दोन-तीन बैठकांत मंडपाबाहेर तरुण पोरे आम्हाला एकच प्रश्न विचारत आहेत. तो मंडपात येत नाही, कारण उघड विचारायला लोक भितात. म्हणून आज तो आम्हीच उघड मांडतो.

प्रश्न असा : "आपण शेतकरी माणसे सगळे स्वतः दुरुस्त करतो. मोटार जळाली तर तिचे वाइंडिंग खोलतो. स्टार्टर जोडतो, पेरणी यंत्राचे नळे बदलतो, ट्रॅक्टरचे इंजिन उतरवतो. तिकडे अमेरिकेत हौशी लोक घरी बसून नेमबाजीच्या रायफली जुळवतात, जुनी नळी काढून नवी बसवतात. मग आमच्या आजोबांची बंदूक नीट करायला आम्हालाच कुणाची परवानगी कशाला? लेथवाला आहे, पाईप आहे, अक्कल आहे. करून टाकू."

या प्रश्नाला हसू नका. विचारणारा पोरगा मूर्ख नाही. त्याचे सामान्य गणित बरोबर आहे, एका ठिकाणी फक्त चुकते. आणि त्याच ठिकाणी आम्ही स्वतः चुकलो होतो, ते आधी सांगतो.

आपल्याच पट्ट्यातला एक शेतकरी. खटला चालू आहे म्हणून त्याचे नाव आणि गाव सांगत नाही. पाच एकर कोरडवाहू, जंगलाच्या कडेला. आजोबांच्या वेळची एकनळी बारा बोअरची बंदूक, तिचा परवाना बापाकडून त्याच्या नावावर रीतसर झालेला. नळी आतून गंजली होती आणि तोंडापासून वीतभर मागे किंचित फुगली होती. त्याला जवळपास परवाना असलेला दुरुस्तीवाला सापडला नाही. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काय करू सांगा." आम्ही, म्हणजे आज तुमच्यासमोर व्यासपीठावर उभे असलेले आम्ही, काय सांगितले? "अरे, पंपाचा शाफ्ट फिरवतो तो लेथवाला एक नळी नाही का बसवणार? घे करून."

लेथवाल्याने केले. दिसायला काम सुबक होते. चार बार नीट उडाले. पाचव्या बाराला नळी मागच्या बाजूने फाटली. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे गेली, गालात लोखंड घुसले. डोळा वाचला तो नशिबाने. नांदेडला दवाखान्यात महिना गेला. पुढे पोलीस आले. गुन्हा त्याच्यावर आणि लेथवाल्यावर, दोघांवर. परवाना गेला, बंदूक गेली, लेथला कुलूप लागले. डुकरे मात्र येतच राहिली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याच्या घरच्या माउलीने चहा दिला आणि एवढेच विचारले, "तुम्ही सांगितलं म्हणूनच त्यांनी केलं ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आज आहे, आणि ते असे की, होय, आम्ही सांगितले, आणि जे आम्हाला कळत नव्हते ते आम्ही सांगितले. त्या दिवसानंतर आम्ही हा विषय जाणकारांना विचारून, कायदा वाचून समजून घेतला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी लोखंडाचे बघू. दाब कशाला म्हणतात ते घरातल्या वस्तूंवरून सांगतो. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला जादा दाब एका चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली हवा एक-दीड किलो. ट्रॅक्टरची लिफ्ट ज्या तेलाच्या दाबाने नांगर उचलते तो दाब दीडशे-दोनशे किलो, आणि त्या लिफ्टचा पाईप फुटला की तेलाची चिळकांडी कातडी फाडून आत जाते हे तुमच्यातल्या काहींनी पाहिले असेल. आता बारा बोअरचे काडतूस घ्या. ते उडते तेव्हा नळीच्या मागच्या टोकाला दाब सातशे किलोच्या आसपास जातो. मोठ्या रायफलीच्या काडतुसाचा साडेतीन ते चार हजार किलोपर्यंत जातो. आणि आपण विहिरीवर वापरतो तो साधा लोखंडी पाईप कारखान्यात तपासतात किती दाबाला? पन्नास किलोला. पाण्यासाठी तो उत्तम आहे. पण ज्याला पन्नास किलोची कसोटी लावली त्याच्यात सातशे किलो कोंडायचे आणि वर तो गालाला लावायचा, असा हा व्यवहार आहे.

तुम्ही म्हणाल, मग चार बार कसे उडाले? तिथेच फसगत आहे. नांगराचा फाळ झिजला तर दिसतो, वाकला तर हाताला कळतो. बैलगाडीचा आख मोडण्याआधी करकरतो. नळी करकरत नाही. आत केसाएवढी चीर पडते. प्रत्येक बाराला ती थोडी वाढते. वरून नळी चकचकीतच असते. पहिले चार बार ही बंदूक चांगली असल्याची खूण नव्हती. चारही बारांनी चीर वाढवली होती. शेतात आपण "करून बघू, चुकले तर पुन्हा करू" असे म्हणतो, आणि ते बरोबर आहे, कारण फाळ चुकला तर तास वाकडे जाते, एवढेच. नळी चुकली तर दुसऱ्यांदा करून बघायला हात राहत नाही.

शिवाय नळी म्हणजे नुसता पाईप नाही. नळीच्या मागच्या टोकाला काडतुसाचे घर असते. काडतूस त्या घरात नेमके बसले पाहिजे आणि मागचा बोल्ट त्याला नेमका टेकला पाहिजे. रायफलीत ही मोकळी जागा मोजायला दोन मापाची गेजे असतात. एक गेज बसलेच पाहिजे आणि दुसरे बसताच कामा नये. त्या दोघांत फरक असतो एक-दीड दशांश मिलिमीटरचा. म्हणजे आपल्या वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीएवढा. एवढी जागा जास्त झाली तर पितळी काडतूस मागून फाटते आणि तो सगळा जाळ बार काढणाऱ्याच्या तोंडावर येतो. हे माप डोळ्याने दिसत नाही, बोटाला लागत नाही. लेथवाला कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे ती गेजे नाहीत, ते पोलाद नाही, आणि ते पोलाद कसे तापवायचे आणि कसे निववायचे याचे कोष्टकही नाही.

आता अमेरिकेतल्या हौशी माणसाकडे येऊ, कारण पोरांना वाटते की आम्ही तो मुद्दा टाळू. टाळत नाही. तिकडे अमुक गुन्हे नावावर नसलेल्या माणसाला स्वतःच्या वापरासाठी बंदूक जुळवायला त्यांच्या केंद्राच्या कायद्याने परवाना लागत नाही, काही राज्यांनी मात्र त्यावर बंधने घातली आहेत. अचूक नेमबाजीच्या काही रायफलींची नळी दोन-तीन हजार गोळ्यांत झिजते, म्हणून हौशी लोक ती बदलतात. आणि नीट बदलतात, हेही खरे. पण तो माणूस काय करतो ते पूर्ण बघा. तो पाईप आणत नाही. तो ठरलेल्या पोलादाची, कारखान्यात भोक पाडलेली, काडतुसाचे घर कोरलेली आणि मापाचा कागद सोबत असलेली नळी विकत घेतो. त्याच्याजवळ दोन्ही गेजे असतात. गेज जुळले नाही तर तो थांबतो आणि जाणत्या कारागिराकडे नेतो. जो थांबत नाही त्याची बोटे तिकडेही जातात. म्हणजे "अमेरिकेत घरी करतात" हे अर्धे वाक्य आहे. अख्खे वाक्य असे आहे की, तिकडे कारखान्याने मोजून दिलेली वस्तू घरी मोजून बसवतात.

इंग्रजांच्या देशात तर याहून कडक रीत आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे कसोटीघर १८१३ साली उभे राहिले, आणि १८६८ साली त्याचा सविस्तर कायदा झाला. कसोटी म्हणजे काय? नव्या बंदुकीत नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देणारे काडतूस भरायचे, माणसाने दूर राहून ते उडवायचे, मग नळी मोजायची, तपासायची आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का मारायचा. नवी नळी बसवली की जुना शिक्का चालत नाही. विकण्याआधी पुन्हा कसोटी लागते. पिढ्यान्‌पिढ्या बंदुका बनवणाऱ्या कारागिरालाही तिथे "माझ्या हातावर विश्वास ठेवा" असे म्हणता येत नाही. आपल्याकडेही इशापूरसारख्या सरकारी रायफल कारखान्यात बनलेली बंदूक कसोटीचा शिक्का घेऊनच बाहेर पडते.

आणखी एक जवळचे उदाहरण. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुक्यात कांबळवाडी म्हणून गाव आहे. तिथला स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. ही आपल्यासारख्याच घरांतली लेकरे. या खेळातल्या माणसाचे आयुष्य रायफलीशी बांधलेले असते. तो तिचा दस्ता आपल्या खांद्याला बेतून घेतो, पट्टा बेततो, रोज पुसतो, कुठल्या गोळीला ती कशी चालते याची वही ठेवतो. पण नळीचे आणि बोल्टचे काम आले की ते कारखान्याच्या किंवा शस्त्र कारागिराच्या हाती जाते. सगळ्यात जास्त रायफल ज्याला कळते, तो खेळाडू या जागी हात आखडता घेतो. मग आपण, वर्षातून दहा बार काढणारे, तिथे हात का घालावा?

आता कायद्याचे बघू. १८७८ साली इंग्रजांनी आपल्या मुलखात शस्त्र कायदा आणला. १८५७ ची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बंद आणि गोऱ्याला सूट, असा तो व्यवहार होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण शेतकऱ्याचे हात रिकामे ठेवण्याची हौस दोन्ही सरकारांना सारखीच. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला, तो आजही लागू आहे. त्याचे पाचवे कलम सांगते की, परवान्याशिवाय कुणीही बंदूक बनवायची नाही, तिचे रूपांतर करायचे नाही, तिची दुरुस्ती करायची नाही आणि तिची कसोटीही घ्यायची नाही. दुरुस्ती हा शब्द त्यात स्पष्ट आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना हा दुरुस्तीचा परवाना नव्हे. हेच आम्हाला माहीत नव्हते, आणि म्हणूनच तो शेतकरी आणि लेथवाला दोघे अडकले. शिक्षा पूर्वी तीन ते सात वर्षे होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप झाली आहे. परवाना नसलेली साधी बंदूक नुसती जवळ सापडली तरी दोन ते पाच वर्षे. गावठी बंदूक पाच-दहा हजारांत मिळते असे कुणी सांगत आले, तर त्या किमतीत ही वर्षेही मिळवून हिशेब करा.

इथे कुणीतरी उठून म्हणेल, आणि त्याने म्हणावेच, "आपली चळवळ तर परवाना-राज्याच्या विरुद्ध आहे. बियाण्याला परवाना नको, विक्रीला परवाना नको, जिल्हाबंदी नको, असे आपण म्हणत आलो. मग बंदुकीच्या नळीपाशी आल्यावर तुम्ही सरकारी भाषा का बोलता?"

प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे. कापूस कुठे विकायचा याला परवाना कशाला, असे आपण म्हणतो, कारण तिथे शेतकऱ्याला स्वतःचा नफा-तोटा मोजता येतो. जे त्याला मोजता येते तिथे दुसऱ्याने नाक खुपसू नये. पण नळीचे माप आपल्या जवळच्या कुठल्याच साधनाने घेता येत नाही. उद्या पाचवे कलम रद्द झाले तरी लेथवर बसवलेली नळी सातशे किलोचा दाब सोसणार नाही. सरकारचा परवाना एकवेळ लढून मिळेल, पोलादाचा लढून मिळत नाही. आणि फाटलेल्या नळीचे तुकडे फक्त मालकाला लागत नाहीत. शेजारी बॅटरी धरून लेकरू उभे असते.

म्हणून लढायचे कशासाठी ते नीट ठरवू. नळी घरी बसवण्याच्या हक्कासाठी आपल्याला लढायचे नाही. आपल्याला लढायचे आहे ते चांगली बंदूक, तिचा परवाना आणि तिची दुरुस्ती कायदेशीरपणे गावाजवळ मिळण्यासाठी. आणि यात कायदा आपल्या बाजूने किती आहे हे तुम्हाला कचेरीत कुणी सांगणार नाही, म्हणून आम्ही सांगतो.

एक. याच कायद्याच्या तेराव्या कलमात पीक संरक्षण हे शब्द लिहिलेले आहेत. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याचे समाधान झाले तर वीस इंचांपेक्षा कमी नळी नसलेल्या दुसऱ्या साध्या नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो.

दोन. चौदाव्या कलमात म्हटले आहे की, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. पाच एकरवाल्याला "तुला कशाला बंदूक" असे म्हणणारा बाबू कायद्याबाहेर बोलतो.

तीन. परवाना नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर अर्जदाराने मागितल्यावर ती थोडक्यात द्यावीही लागतात. त्यावर अठराव्या कलमाखाली अपील करता येते. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. कागद मागा.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुक्कर आणि रोही ही दोन्ही जनावरे संरक्षित आहेत. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाला धोका करणाऱ्या जनावराबाबत वन खात्याने लेखी परवानगी देण्याची सोय आहे, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने या दोन जनावरांसाठी ती वाट थोडी जवळ आणली. ती परवानगी हातात नसताना झाडलेला बार कितीही नेमका लागला तरी गुन्हाच आहे.

आता ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांनी स्वतः काय करायचे आणि काय नाही, ते सांगतो. हात लावूच नका असे आम्ही म्हणत नाही. पुसणे, तेल देणे, कोरडी ठेवणे हे मालकाचेच काम आहे.

बार काढण्याआधी बंदूक मोडून, रिकामी असल्याची खात्री करून, नळीतून उजेडाकडे बघा. आखाड्यावर भिंतीला टेकवलेल्या बंदुकीत गांधीलमाशी मातीचे घर करते, पुसताना चिंधी आत राहते. तेवढा बोळा नळी फाडायला पुरतो.

बारा बोअरच्या बंदुकीजवळ वीस बोअरचे काडतूस ठेवूच नका. ते लहान असते, नळीत पुढे सरकून अडकते. बार उडाला नाही म्हणून माणूस मागून बारा बोअरचे भरतो आणि दोन्ही एकदम उडतात.

काडतूस फुसकन वाजले, नेहमीचा आवाज आला नाही, तर दुसरे भरू नका. छर्रे किंवा बुच नळीतच अडकलेले असू शकते. घोडा पडूनही बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून थोडा वेळ थांबा. काही काडतुसे उशिरा पेटतात.

ठासणीच्या बंदुकीत विहिरीच्या सुरुंगाची दारू, फटाक्याची दारू किंवा काडतुसातून काढलेली दारू कधीही घालू नका. ती नळी त्या दारूसाठी बनलेली नाही.

नळीला फुगवटा दिसला, चीर दिसली, सांध्यात हालचाल आली, तर ती बंदूक त्याच दिवशी बंद. डाग लावायचा नाही, वेल्डिंग करायचे नाही, तोंडाकडून कापून आखूड तर मुळीच करायची नाही, कारण आखूड करणे हा आणखी वेगळा गुन्हा आहे. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडेच न्यायची, पावती घ्यायची आणि पावती परवान्याच्या पुस्तकात ठेवायची. दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल तर रीतसर जमा करून परवान्यावर दुसरी घ्या. आजोबांची आठवण म्हणून जीव धोक्यात घालू नका. आजोबांनाही ते आवडले नसते.

बंदूक नाही म्हणून कुंपणात वीज सोडणाऱ्यांनाही दोन शब्द. ती तार डुकराला ओळखत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी आणि रात्री सुटलेला बैल तिला सारखेच. ज्यांच्या घरी असे झाले त्यांना विचारा. आमच्या मते घरी बसवलेली नळी आणि तारेतली वीज यांत फरक नाही. दोन्हींच्या मुळाशी आपल्याला वाऱ्यावर सोडल्याची चीड आहे, आणि दोन्हींत मरतो तो शेतकरीच.

चीड रास्त आहे. तिला योग्य ठिकाणी न्या. आज या बैठकीत आम्ही चार मागण्या ठेवतो.

पहिली. पीक संरक्षणाच्या परवान्यांचे पडून असलेले अर्ज जिल्हाधिकाऱ्यांनी ठरलेल्या मुदतीत निकाली काढावेत आणि नाकारल्यास लेखी कारण द्यावे.

दुसरी. वर्षातून दोनदा, खरिपाच्या आणि रब्बीच्या राखणीआधी, परवानाधारक शस्त्र कारागिराला तालुक्याच्या गावी आणून सर्व पीक संरक्षण बंदुकांची तपासणी करावी. मोटारगाडीला तपासणीचा दाखला लागतो, पंपाला मेकॅनिक गावात येतो, मग बंदुकीसाठी शेतकऱ्याने दोन जिल्हे का पालथे घालावेत? ही सोय असती तर आपल्या त्या भावाचा अंगठा आज जागेवर असता. त्याच दिवशी शस्त्र सुरक्षिततेचे प्रशिक्षणही द्यावे.

तिसरी. निवडणूक लागली की सरसकट बंदुका ठाण्यात जमा करायला लावू नयेत. २०२४ ची विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात, ऐन वेचणीत आली होती. आचारसंहिता डुकरांना लागू होत नाही. ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याचे पीक उभे आहे त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावा.

चौथी. ज्यांना बंदूक नको किंवा झेपत नाही त्यांच्यासाठी सरकारने सोय करावी. केरळात २०२२ पासून पंचायतीच्या अध्यक्षांना रानडुकरांबाबत अधिकार देऊन परवानाधारक नेमबाजांकडून बंदोबस्त करण्याची पद्धत आणली गेली. आपल्याकडे तालुकावार अशी नेमबाजांची यादी का नसावी? आणि ज्याचे पीक गेले त्याला भरपाई वेळेवर मिळावी. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राने वन्य प्राण्यांमुळे होणारे नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात घेण्याचे जाहीर केले आणि बहात्तर तासांत कळवण्याची अट ठेवली. कोणती जनावरे आणि कोणते जिल्हे हे राज्याने ठरवायचे आहे. त्या यादीत हिमायतनगर, हदगाव, किनवट, माहूर हे तालुके आले पाहिजेत. नुकसान दिसले की त्याच दिवशी फोटो काढा, अर्ज द्या, पोच घ्या.

मंडपाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्यांनी त्यात आपले नाव, गाव आणि बंदूक शेवटची कधी तपासली ते लिहून जावे. ज्यांनी परवान्याचा अर्ज केला आहे त्यांनी अर्जाची तारीख लिहावी. ही वही घेऊन आम्ही जिल्हाधिकारी कचेरीत जाणार आहोत.

आणि ज्याने नळी घरी बसवून ठेवली आहे त्याने वहीत काही लिहू नये. त्याने फक्त आज रात्री ती बंदूक खांद्याला लावू नये. बैठक संपल्यावर आमच्याकडे यावे. ती रीतसर कशी मार्गी लावायची हे वकिलाला विचारून ठरवू, आम्ही सोबत येऊ. मागच्या वेळी आमच्याकडे आलेल्या माणसाला आम्ही चुकीचा सल्ला दिला होता. या वेळी तसे होणार नाही.

दिवस मावळायला आला आहे. जागलीला जायची वेळ झाली. डबा घ्या, बॅटरी घ्या, एकट्याने जाऊ नका. उद्या सकाळी दहाही बोटांनी कापूस वेचायचा आहे.